घड्याळाची नोंद

इतिहासाच्या मास्तराने संगणकातल्या घड्याळावर का लिहावं, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. घरच्यांना तो आधीच पडलेला आहे. माझं म्हणणं एवढंच, की नोकरीभर मी मुलांना सनावळ्या पाठ करायला लावल्या. तेव्हा सन आणि तारीख यंत्राला कोण सांगतं, कशी सांगतं आणि ती चुकली तर यंत्राला ते कळतं का, हे पाहायचा थोडासा हक्क मलाही आहे. माझा पुतण्या पुण्यात वीज मोजणाऱ्या यंत्रांसाठी प्रोग्रॅम लिहितो. त्याला विचारून आणि मिळेल ते वाचून जे समजलं, ते इथे मांडतो आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. संगणकात घड्याळं दोन असतात. एक घड्याळ ऑपरेटिंग सिस्टीम स्वतः चालवते. तिचा जो अगदी आतला भाग, ज्याला कर्नल म्हणतात (इंग्रजीत या शब्दाचा अर्थ आठळीतला गर, आणि नाव चपखल आहे), तो यंत्र चालू असेपर्यंत ठोके मोजत राहतो आणि त्यावरून वेळ सांगतो. वीज गेली की हे घड्याळ संपलं. दुसरं घड्याळ म्हणजे नखाएवढी एक चिप. तिच्याशेजारी क्वार्ट्‌झचा एक स्फटिक आणि रुपयाएवढा एक सेल. यंत्र बंद असलं तरी ही चिप जागी असते. हिला रिअल-टाइम क्लॉक म्हणतात, थोडक्यात आरटीसी. सकाळी यंत्र सुरू केलं की कर्नल हिला वेळ विचारतो, त्यावर आपलं घड्याळ लावतो आणि मग दिवसभर आपल्याच घड्याळावर चालतो. रात्रभर जागलेल्या रखवालदाराला विचारून साहेबाने मनगटावरचं घड्याळ लावावं, तसंच काहीसं.

तो स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. हा आकडा विचित्र वाटेल, पण तो दोनाचा पंधरावा घात आहे. पंधरा वेळा निम्मा केला की बरोबर एक उरतो, म्हणजे एक सेकंद. आपल्या मनगटावरच्या साध्या क्वार्ट्‌झ घड्याळातही हाच स्फटिक असतो. तो अचूक किती? दहा लाखांत वीसाची चूक म्हटली तर दिवसाला पावणेदोन सेकंद, महिन्याला जवळजवळ एक मिनिट. वाईट नाही, पण वीजमीटरला हे पुरत नाही. जिथे दिवसाच्या वेळेनुसार विजेचा दर बदलतो, तिथे मीटरचं घड्याळ मागे पडलं तर कोणाच्या तरी बिलात पैसे चुकतात. पुतण्या या घड्याळांच्या मागे का लागलेला असतो, ते तेव्हा मला कळलं.

आता इतिहास. ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमने आपला पहिला पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आणला, तेव्हा त्यात हे दुसरं घड्याळ नव्हतंच! ठोके मोजायची सोय होती. त्या यंत्राचा मुख्य स्फटिक अमेरिकन रंगीत टेलिव्हिजनच्या वारंवारतेच्या चौपट वेगाचा होता, आणि त्याचे भाग पाडत पाडत सेकंदाला साधारण १८.२ ठोके पडत. ज्या यंत्राला पुढे जगभरचे हिशेब ठेवायचे होते, त्याचा ठोका टीव्हीवरून आला आणि तोही पूर्णांकात नाही. असो. ठोके होते, पण रात्रभर जागणारं कोणी नव्हतं. त्यामुळे यंत्र सुरू केलं की डॉस ही प्रणाली माणसालाच विचारायची, आजची तारीख काय? माणूस कंटाळून नुसतंच एंटरचं बटण दाबायचा. मग यंत्र समजायचं की आज मंगळवार, १ जानेवारी १९८०. त्या दिवशी लिहिलेल्या प्रत्येक पत्रावर, प्रत्येक हिशेबावर तीच तारीख पडायची. यंत्राने ती कुठून आणली हे कागदावर कुठेही दिसायचं नाही.

हे वाचलं तेव्हा मला आमच्या शाळेचं जनरल रजिस्टर आठवलं. महाराष्ट्रात एका पिढीच्या असंख्य लोकांचा वाढदिवस १ जूनला असतो, हे आपल्याला माहीत आहे. मूल शाळेत घालायला आणलं की आई सांगायची, मोठ्या पुराच्या वर्षी झाला, किंवा थोरलीच्या लग्नाआधी. गुरुजींना रजिस्टरात रकाना भरायचा असायचा आणि शाळा जूनमध्ये उघडायची. मग वय बसेल असा हिशेब करून १ जून लिहून टाकायचे. ती तारीख पुढे दाखल्यावर गेली, दाखल्यावरून नोकरीत गेली आणि माणूस निवृत्तही त्याच तारखेने झाला. गुरुजींना मी दोष देत नाही, रकाना रिकामा ठेवायची मुभा त्यांना नव्हती. पण रजिस्टरात ‘आईने नक्की सांगितलेली तारीख’ आणि ‘गुरुजींनी बसवलेली तारीख’ एकाच शाईत, एकाच वळणात लिहिलेली असते. दोन पिढ्यांनंतर वाचणाऱ्याला त्यांतला फरक कळायला काही मार्ग नाही. इतिहास शिकवणाऱ्याला याची टोचणी असतेच. माहीत नसणं समजू शकतो. माहीत नाही हेच न कळणं फार वाईट.

१९८४ च्या ऑगस्टमध्ये आयबीएमचा पीसी-एटी हा पुढचा संगणक आला आणि त्यात मोटोरोला कंपनीची एमसी१४६८१८ ही घड्याळाची चिप सेलसकट बसवलेली होती. या चिपची माहितीपुस्तिका मी पुतण्याकडून समजावून घेतली. चौसष्ट कप्प्यांची ही चिप. त्यातले पहिले दहा कप्पे वेळ, गजर आणि तारखेचे. शून्य क्रमांकात सेकंद, दोनमध्ये मिनिटं, चारमध्ये तास, मधल्या कप्प्यांत गजराची वेळ, सहात वार, सातात तारीख, आठात महिना, नवात वर्ष. पुढचे चार कप्पे कारभाराचे आणि उरलेले पन्नास काहीही लिहून ठेवायला मोकळे. गंमत म्हणजे या कप्प्यांनाही रजिस्टरच म्हणतात!

कारभाराच्या चार कप्प्यांतल्या शेवटच्या कप्प्यात एक खूण आहे. मला सगळ्या चिपमध्ये ती सर्वांत आवडली. मधे सेल संपला किंवा निघाला तर ही खूण पुसली जाते. म्हणजे चिप आकडे दाखवते, पण सोबत सांगते की या आकड्यांवर विसंबू नका, मध्यंतरी माझी शुद्ध हरपली होती. आमच्या रजिस्टरात असा एक रकाना असता तर!

बाकी काही गोष्टी मात्र कर्नल लिहिणाऱ्याची परीक्षा पाहणाऱ्या आहेत. आकडे बहुधा दशमान अंक सुटे सुटे मांडून ठेवलेले असतात, पाच वेगळा आणि नऊ वेगळा. कर्नलने ते नेहमीच्या द्विमान पद्धतीने वाचले तर ५९ सेकंदांच्या जागी ८९ दिसतात. दुसरं, चिप दर सेकंदाला सगळे कप्पे पुढे सरकवते. नेमक्या त्या क्षणी कोणी वाचायला गेलं तर १०:५९:५९ आणि ११:००:०० यांची खिचडी होऊन भलतीच वेळ हाती येते. त्यासाठीही एक खूण आहे. ती उतरलेली असेल तर निदान २४४ मायक्रोसेकंद तरी कप्पे हलणार नाहीत, अशी चिपची हमी.

आणि एक तिसरी गोष्ट, जिच्यात इतिहासाचा धडाच आहे. अमेरिकेत उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे करतात. चिप बनवणाऱ्यांनी तो नियमच चिपमध्ये कोरला, एप्रिलच्या शेवटच्या रविवारी एक तास पुढे, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी एक तास मागे. अमेरिकन संसदेने १९८६ मध्ये कायदा बदलला आणि १९८७ पासून एप्रिलचा पहिला रविवार धरला. २००७ पासून तर मार्चचा दुसरा रविवार आणि नोव्हेंबरचा पहिला. चिपला यातलं काही कळायची सोय नव्हती. सिलिकॉनमध्ये कोरलेला कायदा दुरुस्त करता येत नाही. म्हणून कर्नल लिहिणारे त्या सोयीच्या वाटेला जात नाहीत. चिपने फक्त मोजावं, कायदा काय तो वर पाहिला जाईल, अशी वाटणी झाली.

आता मुद्द्याचा प्रश्न. ही चिप यंत्रात आहे, हे कर्नलला सांगितलं कोणी? पीसी-एटीच्या बाबतीत उत्तर सोपं आहे, कोणी सांगावं लागलंच नाही. आयबीएमने चिप ज्या दारामागे ठेवली (षोडशमान मोजणीत सत्तर क्रमांकाच्या दारावर कप्प्याचा नंबर द्यायचा आणि एकाहत्तराच्या दारातून उत्तर घ्यायचं), त्याच दारामागे नक्कल करणाऱ्या प्रत्येक कंपनीने ठेवली. गावात वैद्यांचं घर कुठे हे पाटीवर लिहावं लागत नाही, तसं. आजच्या पीसीतही ती जुनी चिप वेगळी नसली, तरी तिचं सोंग त्याच दारांमागे असतं.

पण नवख्या माणसाला गावातलं माहीत नसतं. १९९१ मध्ये हेलसिंकीच्या विद्यापीठात शिकणाऱ्या एकवीस वर्षांच्या लिनस टोर्वाल्ड्‌सने लिनक्सची पहिली आवृत्ती लिहिली, तेव्हा तिच्यात घड्याळ वाचायच्या ओळी होत्या. त्या ओळींवर त्याने जी टीप लिहून ठेवली, ती मला फार प्रामाणिक वाटली. आशय असा, की हे ओंगळ दिसतंय ते मला कळतं, पण बरोबर कसं करायचं ते मला सापडलं नाही. बरंचसं करून पाहत आणि बायोसची यादी वाचत जमवलं आहे, या घड्याळाची जास्त माहिती कोणाला असेल तर हवी आहे. त्याची युक्ती साधी होती. सेकंदापासून वर्षापर्यंत सगळे आकडे वाचायचे, मग पुन्हा सेकंद वाचायचे. तेवढ्यात सेकंद बदलले असतील तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. नोटा दोनदा मोजणाऱ्या कारकुनासारखं! पुढच्या आवृत्त्यांत ती ‘कप्पे हलत आहेत’ची खूण उतरण्याची वाट पाहून नेमक्या सेकंदाच्या सुरुवातीला वाचायची पद्धत आली.

वर्षाच्या कप्प्यात दोनच अंक बसत, हे सांगायला नकोच. शतक लिहायला पन्नास मोकळ्या कप्प्यांतला एक कप्पा आयबीएमने वापरला, पण तो चिपच्या मोजणीत नव्हता. ३१ डिसेंबर १९९९ च्या रात्री चिपने ९९ चे ०० केले आणि शतकाचा कप्पा तसाच राहिला. तो बदलायचं काम बायोसचं किंवा ऑपरेटिंग सिस्टीमचं. लिनक्सने वेगळी तोड काढली होती, सत्तरच्या आतलं वर्ष दिसलं की ते दोन हजारांतलं धरायचं. शतकाचा आकडा कोणत्या कप्प्यात आहे हे सांगायची सोय पुढे एसीपीआय नावाच्या तक्त्यात झाली. सर्वांना माहीत असलेल्या घरालाही शेवटी पाटी लावावी लागली.

इथवर पीसीचं झालं. पण जगात पीसीपेक्षा कितीतरी जास्त संगणक वेगळ्याच रूपात वावरतात. मोबाइल, मीटर, लिफ्ट, दवाखान्यातली यंत्रं. यांतल्या बहुतेकांत एआरएम जातीचा प्रोसेसर असतो आणि प्रत्येक बोर्डाची रचना निराळी. इथे घड्याळ कुठे असेल याचा कोणताच रिवाज नाही. ही घड्याळाची चिप बहुधा आय-टू-सी नावाच्या दोन तारांच्या जोडणीवर बसवलेली असते. ही जोडणी फिलिप्स कंपनीने १९८२ मध्ये काढली. दोन तारांवर अनेक चिपा, प्रत्येकीला एक क्रमांक. क्रमांक पुकारला की ज्या चिपचा तो असेल ती ‘हजर’ म्हणते. पण ‘हजर’ एवढंच! नाव, गाव, कुळ विचारायची सोय या जोडणीत नाही. पीसीतल्या पीसीआय कार्डांना कंपनी कोण आणि कार्ड कोणतं हे विचारता येतं, या चिपांना नाही.

डॅलस सेमीकंडक्टर कंपनीची डीएस१३०७ ही घड्याळाची चिप घ्या. आठ पायांची, स्वस्त, शिकणाऱ्या मुलांच्या हाती हटकून येणारी. तिचा क्रमांक षोडशमानात ६८. त्याच घराण्यातल्या, पण फार अचूक अशा डीएस३२३१ चा क्रमांकही ६८. आणि एमपीयू-६०५० नावाची, यंत्र किती कललं ते सांगणारी चिप आहे, जिचा घड्याळाशी काही संबंध नाही, तिचाही नेहमीचा क्रमांक ६८! वर्गात अडुसष्ट नंबर पुकारला आणि तीन वर्गांतली तीन मुलं एकाच आवाजात ‘हजर’ म्हणाली, तर मास्तरने काय करायचं? हजेरीपटच हवा.

हा हजेरीपट सुरुवातीला लिनक्समध्ये प्रत्येक बोर्डासाठी वेगळी फाइल लिहून कर्नलच्या आतच ठेवत. या बोर्डावर, या तारांवर, अडुसष्टला डीएस१३०७ आहे, अशी एक ओळ. बोर्डांची संख्या शेकड्यांत गेली आणि अशा फायलींचा डोंगर झाला. नवं बोर्ड आलं की कर्नल बदला, पुन्हा बांधा. मार्च २०११ मध्ये टोर्वाल्ड्‌सचा संयम सुटला. त्याने एआरएमवाल्यांना लिहिलेलं पत्र इथे सभ्य शब्दांत देता येणार नाही, पण गऱ्हाणं योग्य होतं. बोर्डाबोर्डाची वर्णनं कर्नलमध्ये कशाला? कर्नलने घड्याळ वाचायची विद्या शिकावी. घड्याळ कुठे आहे हे ज्याने बोर्ड बनवलं त्याने सांगावं.

उपाय नवा शोधावा लागला नाही. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी सन कंपनीत मिच ब्रॅडली यांनी यंत्राचं वर्णन यंत्रानेच सुरुवातीला सांगायची एक पद्धत बसवली होती. १९९४ मध्ये ओपन फर्मवेअर या नावाने तिचं प्रमाणपत्रक झालं. अ‍ॅपलच्या पॉवरपीसी यंत्रांत ती होती. २००५ च्या सुमारास लिनक्सच्या पॉवरपीसी शाखेने हे वर्णन एका सपाट फाइलीत मांडलं आणि २०११ नंतर एआरएमनेही तेच उचललं. हेच डिव्हाइस ट्री.

या ब्रॅडलींच्या पद्धतीचा महाराष्ट्राशीही एक धागा आहे. ‘मुलागणिक एक लॅपटॉप’ या जागतिक योजनेचे हिरवे-पांढरे छोटे संगणक २००७ मध्ये कर्जतजवळच्या खैराट धनगरवाड्यावरच्या छोट्या शाळेत आले होते. त्या संगणकांना जागं करणारी पहिली प्रणाली ओपन फर्मवेअरच होती, ब्रॅडलींनीच लिहिलेली. धनगरवाड्यावरची मुलं रोज सकाळी ज्या बटणाला हात लावत, त्यामागे हा वृक्ष उभा होता.

वृक्ष म्हणजे आपण फळ्यावर भोसले घराण्याची वंशावळ काढतो तसा. मुळाशी बोर्ड, त्याची एक फांदी म्हणजे ती दोन तारांची जोडणी, त्या फांदीवर घड्याळ. घड्याळाची नोंद इनमिन दोन-तीन ओळींची. हे काय आहे, तर घड्याळ. क्रमांक कोणता, तर ६८. आणि कोणासारखं वागतं, तर ‘डॅलस, डीएस१३०७’. हवं तर आणखी एखादी ओळ, की गजराची तार अमुक ठिकाणी जोडली आहे, किंवा या घड्याळाला झोपलेलं यंत्र जागं करता येतं. कर्नल सुरू होताना ही वंशावळ वाचतो, ‘कोणासारखं’ या रकान्यातलं नाव पाहतो आणि ते नाव ओळखणारा ड्रायव्हर त्या चिपच्या हवाली करतो. घड्याळांचे सगळे ड्रायव्हर एका छत्राखाली आणायचं काम २००६ मध्ये अलेस्सांद्रो झुम्मो यांनी केलं होतं, त्यामुळे वरच्या कर्नलला खाली कोणती चिप आहे याची फिकीर करावी लागत नाही.

आता कोणी म्हणेल, दोन-तीन ओळींचं एवढं काय? पुतण्याने मला जो प्रकार समजावला तो सांगतो. बोर्डावर डीएस३२३१ बसवली आहे आणि नोंदीत कोणी डीएस१३०७ लिहून ठेवलं, असं समजा. काय बिघडेल? पहिल्या दिवशी काहीच नाही. दोन्ही चिपांत सेकंदापासून वर्षापर्यंतचे सात कप्पे सारखेच आहेत. वेळ बरोबर दिसते, यंत्र चालतं, सगळे खूश. पण ‘मी मधे थांबले होते, माझ्यावर विसंबू नका’ ही खूण दोघींनी वेगवेगळ्या जागी ठेवली आहे. डीएस१३०७ मध्ये ती सेकंदाच्याच कप्प्याच्या वरच्या टोकाला आहे, डीएस३२३१ मध्ये दूर, पंधराव्या कप्प्यात. नोंद चुकीची असली की कर्नल सेकंदाच्या कप्प्यात पाहतो, तिथे काही दिसत नाही, त्याला वाटतं सगळं ठीक. पंधराव्या कप्प्यात चिप ओरडून सांगत असते आणि तिकडे कोणी पाहतच नाही. चार-पाच वर्षांनी सेल संपतो, वीज जाऊन येते, आणि मीटर भलत्या तारखेने, अगदी आत्मविश्वासाने, नोंदी करू लागतो. नोंद बरोबर असती, तर कर्नलने सुरू होतानाच ‘घड्याळ थांबलं होतं, वेळ लावा’ असा इशारा दिला असता.

मला यात पुन्हा तेच जनरल रजिस्टर दिसलं. इथे शंकेचा रकाना आहे, चिपने तो नेमाने भरला आहे, आणि वाचणाऱ्याला तो कुठे आहे हे सांगितलेलं नाही.

आणखी एक गोष्ट नोंदीत बसत नाही. चिपमध्ये साडेदहा वाजले आहेत, पण कोणाचे साडेदहा? डॉस आणि विंडोज यांनी चिपमध्ये स्थानिक वेळ ठेवायची प्रथा पाडली, युनिक्सच्या घराण्याने ग्रिनिचची. एकाच यंत्रावर दोन्ही प्रणाली ठेवल्या, की आपल्याकडे घड्याळ साडेपाच तासांनी पुढे-मागे उड्या मारतं. चिपला याचा पत्ता नाही, तिच्याकडे नुसते आकडे. लिनक्स ही माहिती डिस्कवरच्या एका छोट्या फाइलीत वेगळी लिहून ठेवतो. मुंबईकरांना हे नवं वाटू नये. १९०६ मध्ये सरकारने भारतीय प्रमाण वेळ लागू केली, तरी मुंबईने आपला एकोणचाळीस मिनिटांनी मागे असलेला ‘बॉम्बे टाइम’ पुढे कित्येक दशकं सोडला नव्हता. भेटीची वेळ ठरवली की ‘कोणत्या वेळेने?’ हे विचारावं लागे. आणि हो, ज्या यंत्राला काहीच वेळ कळलेली नाही ते युनिक्सच्या शून्यापासून सुरू होतं. भारतात ते दिसतं १ जानेवारी १९७०, पहाटे साडेपाच. अशी पहाट पडद्यावर दिसली तर समजावं की घड्याळाशी बोलणंच झालेलं नाही.

काही यंत्रांत तर घड्याळ मुळातच नसतं. २०१२ मध्ये आलेला रास्पबेरी पाय हा मुलांचा स्वस्त संगणक तसाच होता. किंमत कमी ठेवायची म्हणून घड्याळ गाळलं. १९८१ ची गोष्ट पुन्हा! इंटरनेट असेल तर वेळ तिथून मिळते. नसेल तर त्यावर एक गमतीदार प्रोग्रॅम चालतो. बंद होताना तो किती वाजले ते एका फाइलीत लिहून ठेवतो आणि सुरू होताना तिथूनच पुढे मोजतो. मधे महिना गेला असला तरी त्याच्या लेखी क्षणही गेला नाही. वेळ खरी नसते, पण निदान मागे तरी जात नाही. मुलं मग त्यावर अडुसष्ट नंबरची चिप आणून जोडतात आणि सुरुवातीच्या फाइलीत एका ओळीने वंशावळीला फांदी लावतात. २०२३ च्या रास्पबेरी पाय ५ मध्ये मात्र घड्याळ बोर्डावरच आलं, सेल तेवढा वेगळा जोडायचा.

नावांचं काय होतं, तेही पाहण्यासारखं आहे. डॅलस सेमीकंडक्टर कंपनी २००१ मध्ये मॅक्सिमने घेतली. मॅक्सिम २०२१ मध्ये अ‍ॅनालॉग डिव्हायसेसने घेतली. पण वंशावळीत डीएस१३०७ पुढे आजही ‘डॅलस’च लिहायचं आणि डीएस३२३१ पुढे ‘मॅक्सिम’. नाव बदललं तर शेतात, खांबावर, तळघरात बसलेल्या जुन्या यंत्रांच्या नोंदी नव्या कर्नलला वाचता येणार नाहीत, म्हणून ते बदलायचं नाही असा संकेत आहे. आपल्याकडे सातबाऱ्यावर पणजोबांचं नाव राहतं ते आळसाने. इथे ते जाणूनबुजून राखलं आहे.

डीएस१३०७ चं लीप वर्षाचं गणित २१०० पर्यंतच धरलेलं आहे. दोन अंकी वर्षाला चारने भाग गेला की फेब्रुवारी एकोणतीसचा, एवढंच तिला येतं. २१०० हे लीप वर्ष नाही हे ग्रेगरीच्या पंचांगाचं कलम तिला ठाऊक नाही. कर्नलला ते ठाऊक आहे. लिनक्समध्ये २०१८ पासून प्रत्येक ड्रायव्हरला आपली चिप कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत नीट मोजते ते जाहीर करता येतं. त्या पट्ट्याबाहेरची तारीख कोणी चिपमध्ये लिहायला गेलं तर कर्नल सरळ नकार देतो. घड्याळाच्या नोंदीत ‘स्टार्ट-इयर’ नावाचा एक रकानाही ठेवता येतो. तो भरला की पट्टा त्या सालापासून धरला जातो. पुतण्याच्या मीटरांत तो रकाना रिकामा आहे. एवढी वर्षं हे मीटर टिकणार नाहीत, असं तो म्हणतो. मी त्याला तो भरून ठेवायला सांगितलं आहे.